अकरा नंबरचं विरजण

आमच्या मासेघरात ‘विरजण’ हा शब्द मी आणला. त्याआधी तिथे दह्यादुधाचा संबंध फक्त जेवणाच्या डब्यातल्या ताकापुरता होता.

त्याचं असं आहे, की माशांची नवी टाकी भरली म्हणजे लगेच त्यात मासे सोडता येत नाहीत. मासे जे अंगाबाहेर टाकतात त्याचा अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. तो पचवणारे चांगले जंतू आधी गाळणीच्या स्पंजवर वाढावे लागतात. नियम असा की, बाटलीतले तपासलेले जंतू टाकायचे आणि तीन आठवडे हात बांधून बसायचं. पण चालत्या टाकीचा जुना स्पंज नव्या गाळणीत नुसता पिळला तर तेच काम पाच दिवसांत होतं. माझी आई रात्री दुधात कालच्या दह्याचा चमचा घालायची, तसंच. मी त्याला विरजण म्हणाले आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. संगणकातल्या नोंदीत मात्र आम्ही ‘बाटली’ असंच लिहायचो. माझ्या आधीचे लोक तसंच लिहायचे, म्हणून मीही लिहिलं. खरं काय ते माझ्या निळ्या वहीत असायचं, ‘वि.’ आणि ते कुठलं त्याची खूण.

मी सारिका मल्लाव. आम्ही भिगवणचे भोई. वडील उजनीच्या पाण्यात जाळी टाकायचे आणि मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत गेली अकरा वर्षं मासे सांभाळते. फरक इतकाच, की माझे मासे कुणी खात नाही.

हे मासे दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले. दिसायला साधे, पण २०४१ साली अर्ध्या महाराष्ट्रातले दुर्मीळ आजारांचे रुग्ण त्यांच्या भरवशावर आहेत. रुग्णाच्या जनुकात जो बिघाड असेल, तोच नेमका माशाच्या अंड्यात उतरवायचा. मासे वाढले की त्यांना तोच आजार होतो. मग वेगवेगळ्या टाक्यांत वेगवेगळी औषधं द्यायची आणि ज्या टाकीतले मासे सुधारतील ते औषध रुग्णाला. माणसावर वर्षानुवर्षं चाचपडण्यापेक्षा माशांवर तीन आठवडे.

आमच्याकडे तेव्हा बार्शीच्या कृष्णाई सुरवसेचे मासे होते. मुलगी नऊ वर्षांची. मेंदूच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यांतून क्षार आतबाहेर होतात. कृष्णाईच्या दारांची कडीच लागत नव्हती. दिवसाला तीस-चाळीस झटके यायचे. रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात ती दोन महिने होती. तिच्या माशांनाही झटके येत. पोहता पोहता मासा एकदम गिरकी घेई, आडवा होई, थरथरे आणि मग पुन्हा सरळ होई. बारा औषधांच्या बारा टाक्या आणि बिनऔषधाची तेरावी. औषधाचं पाणी एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येक टाकीची गाळणी वेगळी. अकरा नंबरच्या टाकीतले झटके तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ थांबले होते. अकरा नंबरचा पहिला डोस कृष्णाईला बुधवारी दुपारी चार वाजता द्यायचा ठरला.

त्याच बुधवारी सकाळी दहा वाजता पारखीचा लाल दिवा लागला.

पारखी म्हणजे जंतू हुडकणारं यंत्र. प्रत्येक टाकीतून ते तासातासाला थेंबभर पाणी आणि थोडा गाळ ओढून घेतं. त्याच्या पट्टीवर रेणूंच्या कात्र्या असतात. त्या वाईट जंतूच्या जनुकातला एक ठरावीक मजकूर शोधतात. सापडला की त्या कापत सुटतात आणि कापलेले धागे चमकतात. मासे आजारी दिसायच्या आधीच बहुतेक वेळा पारखीला कळतं. पूर्वी आम्हाला डोळ्यांनी बघावं लागायचं, की कुणाचं पोट फुगलंय, कुणाचे खवले उभे राहिलेत, कोण कोपऱ्यात लटकलंय. पारखी आला आणि आम्ही बघायचं सोडलं. हे माझ्यासकट सगळ्यांबद्दल म्हणते.

लाल दिवा खिडकीकडच्या रॅकचा होता. जंतू क्षयाच्या जंतूचा चुलत भाऊ, पाण्यातला. हळू वाढतो, पाण्यात कमी आणि गाळाच्या चिकट थरात व माशाच्या पोटात जास्त. म्हणून पारखीच्या थेंबात तो उशिरा सापडतो आणि औषधाने जात नाही. नियम एकच, सगळा रॅक संपवायचा.

“कृष्णाईच्या टाक्या?” डॉ. तहसीन मुजावर धावतच आल्या. आमच्या विभागप्रमुख. मिरजेच्या, बोलायला मऊ, कामाला कडक.

“तेरा टाक्या हिरव्या,” मी पडद्याकडे बघत म्हणाले. “अकराला पुसट रेघ आलीय, पण पारखी म्हणतो शिंतोडा असेल.”

पारखी नुसती पट्टी वाचत नाही, हिशोबही मांडतो. कुठलं जाळं कुठे वापरलं, कुठला मासा कुठून कुठे गेला, हे सगळं नोंदींतून घेतो आणि जंतू कुठल्या वाटेने जाऊ शकतो याचा नकाशा काढतो. खिडकीकडच्या रॅकवरून अकरा नंबरच्या टाकीकडे त्याला एकही वाट दिसली नव्हती. वेगळं पाणी, वेगळं जाळं, वेगळी गाळणी आणि गाळणीची सुरुवात ‘बाटली’ने. म्हणून पुसट रेघ त्याने सोडून दिली.

“अल्लाची मेहरबानी,” मॅडम म्हणाल्या आणि रुग्णालयाला फोन लावायला गेल्या.

मी मात्र तिथेच उभी राहिले. ती पुसट रेघ पुन्हा एकदा बघितली. मग खिडकीकडच्या रॅकचे दोनशे मासे भुलीच्या पाण्यात सोडण्याच्या कामात दोन तास गेले.

साडेबाराला भगवंत सुरवसे आले. कृष्णाईचे वडील. बार्शीत लग्नाचे मांडव घालतात. दीड महिना रोज यायचे, अकरा नंबरपुढे स्टूल ओढून बसायचे. तिथल्या नऊ मासोळ्यांना ते ‘कृष्णाईच्या बहिणी’ म्हणत. मला येताना शेंगाचटणी आणत.

“ताई, आज चार वाजता बरं का!” त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “मंडळी सकाळपासनं देवापुढनं उठंना.”

“चांगलं झालं, दादा.”

“डॉक्टर म्हनले, लिव्हर थकल्यालं हाय पोरीचं. जड औषध एकदाच सोसंल, दुसऱ्यांदा न्हाई. म्हनलं, एकदाच पायजे की! ह्या बहिणींनी दाखवलंय न्हवं.” ते काचेला बोट लावून बसले. “कशा गप झाल्यात बगा. आधी कशा तडफडायच्या. आता नुसत्या गप.”

गप. तो शब्द माझ्या कानात अडकला.

मी खाऊची चिमूट टाकीत टाकली. दहा नंबरच्या टाकीत खाऊ पडला की पाण्याला उकळी फुटते. इथे सहा जणी आल्या, त्याही रमतगमत. तिघी खालीच राहिल्या. एक तर तळाशी डोकं खाली करून तरंगत होती. माझे वडील म्हणायचे, मासा खायला वर आला नाही तर आधी पाण्याला विचार. मी तीन आठवडे रोज हे बघत होते आणि औषधाचा गुण म्हणून लिहीत होते.

मी कपाटापाशी गेले आणि निळी वही काढली. सात आठवड्यांपूर्वीचं पान. बारा औषधं आणि तेरावी टाकी, सगळ्यांना दाराकडच्या रॅकचं विरजण. मुलीची तब्येत घसरत होती, तीन आठवडे थांबायला वेळ नव्हता. पिळलेल्या स्पंजाच्या पाण्याचे तेरा डबे ओळीने मांडले होते. आणि अकरासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘डबा सांडला. खि. वि.’

खिडकीकडचं विरजण. कोपराचा धक्का लागून अकराचा डबा सांडला होता आणि मी हाताशी आलेला दुसरा स्पंज पिळून मोकळी झाले होते. हातमोजे न घालताच, कारण मोज्यांत स्पंज नीट पिळला जात नाही.

मी उजवा अंगठा पाहिला. दीड महिन्यापासून त्यावर एक गाठ होती. मी ती कुरूप समजून चालले होते. शेजारणीच्या सांगण्यावरून बिब्बाही लावून झाला होता. आता तिचं तोंड फुटलं होतं, म्हणून पट्टी बांधली होती.

मी पारखीच्या बाजूच्या खिडकीत गेले. हाताने नमुना द्यायची सोय तिथे आहे. पट्टी सोडली, गाठीतलं थेंबभर पाणी काडीवर घेतलं आणि आत सरकवलं. यंत्राने विचारलं, नमुना कुठला? खाली सगळ्या टाक्यांची यादी. माणसाच्या हाताला त्यात जागा नव्हती. मी ‘इतर’ दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला तेव्हाही कळत होतं.

वीस मिनिटं लागतात. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. मग रेघ आली, लालभडक. खाली ओळ होती, ‘खिडकीकडच्या रॅकमधलाच वाण’.

सव्वा वाजला होता. ती पट्टी मी एप्रनच्या खिशात घातली.

खोटं कशाला सांगू, मला गप बसायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वही माझी, अंगठा माझा, कुणी विचारलं नव्हतं. खोट्या नोंदी केल्या म्हणून नोकरी जाणार हे नक्की होतं. आणि औषध खरंच लागू पडलं असेल तर? अकराचे मासे औषधाने शांत झाले असतील, वर आजारीही असतील. दोन्ही खरं असू शकतं. मी बोलले तर कदाचित त्या पोरीच्या तोंडचं बरोबर औषध मी काढून घेईन. नाही बोलले आणि मासे नुसते आजाराने गळाठले असले, तर तिचं थकलेलं यकृत फुकट पणाला लागेल आणि दुसरी संधी नाही. मला काहीही माहीत नव्हतं आणि ते फक्त मलाच माहीत होतं. इतकी भीती मला लहानपणी उजनीत बुडता बुडता वाचले तेव्हाही वाटली नव्हती.

पलीकडे भगवंतराव बायकोला फोनवर सांगत होते, “अगं, उद्यापासनं तू बी झोप जरा.”

मी मॅडमच्या खोलीत गेले, वही उघडून टेबलावर ठेवली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि अंगठा दाखवला. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. “संगणकात तू बाटली लिहिलंयस.”

“हो.”

“याच टाकीला?”

“सगळ्याच टाक्यांना. पहिल्यापासून.”

“सारिका, अकरा वर्षं मी तुझ्या नोंदींवर शोधनिबंध लिहितेय.” त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. “पारखी त्याच नोंदी खाऊन शहाणा झालाय. तू त्याला आंधळं केलंस.”

“मॅडम, चार वाजता डोस आहे.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग उठल्याच. “शिंतोडा की संसर्ग ते आधी कळू दे. एक मासा अकराचा, एक तुलनेला पाचचा. कापून बघायचं, जुन्या पद्धतीने. रंग आहेत का आपल्याकडे?”

“आहेत. मी टाकू दिले नव्हते.”

जाळं घेऊन मी अकरापाशी गेले. तळाशी लटकलेल्या मासोळीला फारसं पकडावं लागलंच नाही.

“कुठं न्हेता तिला?” भगवंतराव उभे राहिले.

“तपासायला, दादा. थोडं थांबा.”

“आता कशाला? आज तर—” ते माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

मॅडमनी सात वर्षांत स्वतः मासा कापला नव्हता.  काचपट्टीवर पोटातला कण पसरला, लाल रंग ओतला, खालून गरम केला, आम्लाने धुतला आणि वर निळा चढवला. साध्या पेशींचा लाल रंग आम्लाने निघून जातो आणि त्या निळ्या होतात. या जंतूचं कवच मेणाचं, त्याचा लाल निघत नाही. सगळी परीक्षा एवढीच.

पाच नंबरची पट्टी निळीच्या निळी होती. अकराची मॅडमनी बघितली आणि खुर्ची सोडली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्यावर लाल काड्या, जुडगेच्या जुडगे, मोजायची गरज नव्हती.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मॅडम रुग्णालयाचा नंबर फिरवत म्हणाल्या, “पेशंटच्या वडिलांना—”

“कृष्णाईच्या,” मी म्हणाले. “मी सांगते.”

भगवंतराव स्टुलावर नव्हते, दारात उभे होते. मी सगळं सांगितलं. स्पंज, डबा, वही, अंगठा. विरजण म्हणजे काय ते त्यांना समजवावं लागलं नाही.

“म्हंजी औषधानं न्हाई?”

“माहीत नाही. औषधाने असेल, आजाराने असेल. आता ह्या मासोळ्यांना विचारून ते कळणार नाही.”

“तुमी गप बसला असता तर चारला दिलं असतं.”

“हो.”

“आन् लागू पडलं असतं तर?”

  दोन महिने हा माणूस माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आता त्यांनी दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. “नासवलं की वो तुमी सगळं!”

खरंच होतं. विरजण चुकलं की दूध नासतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते रस्ता ओलांडून रुग्णालयात गेले आणि मी भिंतीला टेकून रडले.

डोस थांबला. संध्याकाळी मॅडम, रुग्णालयाचे डॉक्टर आणि सुरवसे नवरा-बायको दोन तास बसले. मला बोलावलं नव्हतं. मी नोंदी दुरुस्त करत बसले होते, तेवढंच काम मला ठेवलं होतं. अकरा नंबर, ‘गाळणीची सुरुवात’ या रकान्यात ‘बाटली’ खोडून मी ‘विरजण’ लिहिलं. पारखीने विचारलं, ‘शब्द ओळखता आला नाही. अर्थ सांगा.’

 मी लिहिलं, ‘जुन्या टाकीतलं थोडं नव्या टाकीत. कुठल्या टाकीतलं ते वहीत आहे.’ आणि वहीतली पानं एकामागून एक आत घातली, अकरा वर्षांची. पडद्यावरचा नकाशा बदलत गेला. जिथे वाट नव्हती तिथे वाटा उमटल्या, जाळ्यासारख्या. अकरा नंबर लाल झाला. इतर कितीतरी जुन्या प्रयोगांपुढे प्रश्नचिन्हं आली. त्यांतल्या काहींवर मॅडमचं नाव होतं, काहींवर आमच्याकडून बरे होऊन गेलेल्यांचं. पाच नंबर हिरवाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकराच्या उरलेल्या आठ मासोळ्यांसाठी भुलीचं पाणी तयार करत होते, तेव्हा भगवंतराव आले. डोळे सुजलेले. हातात शेंगाचटणी नव्हती.

“मी सोडतो,” ते म्हणाले. “बहिणी हायत तिच्या.”

मी जाळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक करून आठही सोडल्या. पाणी ढवळलं नाही. सगळ्या निश्चल झाल्यावर त्यांनी स्टूल उचललं आणि पाच नंबरच्या टाकीपुढे नेऊन ठेवलं.

“ह्येच द्यायचं म्हनत्यात, मॅडम.” मला ते आजपर्यंत ताई म्हणायचे. “पाच नंबर. झटकं निम्मंच कमी हुत्यात म्हनं. अकरापुढं कुनी इचारलंच न्हवतं ह्याला.”

“निम्मंच. पण ते मी मोजलेलं आहे.”

“तुमी मोजल्यालं?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

 मी खाऊचा डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चिमूट घेतली आणि टाकीत सोडली. पाण्याला उकळी फुटली, उरलेल्या आठच्या आठ वर आल्या, एकमेकींना ढकलत. तेवढ्यात त्यांतलीच एक गिरकी खाऊन आडवी झाली आणि थरथरायला लागली. भगवंतरावांचा हात काचेवर आपटला.

“झटका आला की!”

“आला.”

मी मनात सेकंद मोजले. आठ, नऊ, दहा. ती सरळ झाली. थोडी भांबावली, मग वर आली आणि तोंडासमोरचा कण गिळला.

भगवंतरावांनी खिशातून कागद काढला, रुग्णालयाचा, संमतीचा. त्याची कोरी बाजू वर करून मांडीवर ठेवली आणि माझ्यापुढे हात केला.

“पेन द्या. आता म्या मोजतो, तुमी निस्तं माझ्या शेजारी बसा.”